सुरतेचे बहुरूपी हरिभाई

सुरत म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवते ती १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी. आपल्या बडोद्याच्या जुन्या घराण्यांना त्यापुढचेही काही आठवते. गायकवाडांचे आरंभीचे ठाणे सोनगड हे सुरतेच्याच पूर्वेस, तापीच्या खोऱ्यात. आणि नवसारी प्रांत बडोदे सरकारचा असल्यामुळे त्या बाजूस नोकरीनिमित्त आपल्या किती तरी आजोबा-पणजोबांचे येणेजाणे असे. घरातील बायकांना मात्र सुरत ठाऊक होती ती वेगळ्याच कारणाने. पैठणीचा पदर असो, शालूचा काठ असो की लग्नातला शेला असो, त्यातला जर बहुधा सुरतेचा असावयाचा. चांदीची तार पोलादी पट्टीच्या बारीक बारीक भोकांतून ओढून केसासारखी करावयाची, ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि वर सोन्याचा मुलामा चढवावयाचा, हा त्या गावचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. ज्यांच्या घराण्यांत हा व्यवसाय चालला त्यांस आडनाव मिळाले ते जरीवाला.

अशाच एका जरीवाला घराण्यात ९ जुलै १९३८ रोजी सुरतेस हरिहर जेठालाल जरीवाला यांचा जन्म झाला. जगाने पुढे त्यांस संजीवकुमार या नावाने ओळखले. चित्रपटसृष्टीतील स्नेही-सोबती मात्र त्यांस शेवटपर्यंत हरिभाईच म्हणत. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या गोष्टीस आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांचे चित्रपट चित्रगृहात तिकीट काढून पाहिलेली पिढी आता आजोबा-आजी झाली आहे, आणि त्यांची नातवंडे तेच चित्रपट घरच्या पडद्यावर पाहत आहेत. त्या नातवंडांपैकी बहुतेकांची अशी समजूत असते की, संजीवकुमार हे कोणी वयोवृद्ध नट असावेत. ही समजूत चुकीची आहे. पण ती का झाली, हे पाहू गेले असता या नटाच्या मोठेपणाचे वर्मच हाती लागते.

हरिभाई लहान असतानाच कुटुंब मुंबईस आले. त्या काळची मुंबई म्हणजे नाटकवेड्या माणसांची पंढरी होती. एकीकडे गिरगावात मराठी रंगभूमी, दुसरीकडे भांगवाडीत गुजराती रंगभूमी, आणि या दोहोंच्या जोडीस १९४३ साली स्थापन झालेला ‘इप्टा’ हा लोकनाट्य संघ. त्यानंतर वर्षभराने, १९४४ मध्ये, इंडियन नॅशनल थिएटर ही संस्था निघाली. ‘आयएनटी’च्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांमुळे हे नाव मराठी वाचकांस चांगलेच परिचयाचे आहे, पण या संस्थेच्या गुजराती विभागाने जे नट घडविले त्यांत हरिभाईंची गणना होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते. प्रथम इप्टा आणि मग आयएनटी, अशा या दोन रंगमंचांवर त्यांचे शिक्षण झाले.

हे शिक्षण कसले होते? रूपवान तरुण नायकाचे नव्हे. आर्थर मिलर या अमेरिकन नाटककाराच्या ‘ऑल माय सन्स’ या नाटकात हरिभाईंनी म्हाताऱ्याचे काम केले, तेव्हा त्यांचे वय होते जेमतेम बावीस. पुढल्याच वर्षी ए. के. हंगल यांनी बसविलेल्या ‘डमरू’ या नाटकात ते साठ वर्षांचे, सहा मुलांचे बाप झाले. ज्या वयात आरशापुढे उभे राहून केसांची बट सारखी करावयाची, त्या वयात हा तरुण त्याच आरशापुढे केसांना पांढरा रंग लावीत होता.

नाटक पाहणाऱ्या माणसास हे ठाऊक असते की, तरुण नटाने म्हाताऱ्याची भूमिका करणे यात एक फसवी वाट आहे. कंबर वाकवावी, हात कापवावे, मधूनमधून खोकावे. की झाला म्हातारा. प्रेक्षक हसतात, टाळ्याही देतात. पण खरा वृद्ध माणूस आपले वय दाखवीत नसतो. तो ते लपवीत असतो. तो खुर्चीवर बसण्यापूर्वी तिचा अंदाज घेतो, प्रश्न ऐकल्यावर उत्तर देण्यास क्षणभर उशीर करतो, आणि समोरचा बोलत असता त्याची नजर कधी कधी त्या माणसाच्या पलीकडे जाते. हे कापणाऱ्या हाताने साधत नाही. त्यासाठी माणसे पाहावी लागतात, आणि आपण दिसावयास कसे आहोत ही काळजी सोडून द्यावी लागते. हरिभाईंनी ती काळजी रंगभूमीवरच सोडली, आणि चित्रपटाच्या झगमगाटातही ती पुन्हा धरली नाही.

आपल्या मराठी रंगभूमीस या गुणाचे नवल नाही. गणपतराव बोडस यांनी १९११ साली ‘मानापमान’मध्ये भित्रा, नटवा लक्ष्मीधर उभा केला, त्यानंतर ‘संशयकल्लोळ’मधला संशयी फाल्गुनराव रंगविला, आणि १९१९ साली ‘एकच प्याला’तील सुधाकर साकारला. या अखेरच्या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्या बडोद्यातच झाला होता. लक्ष्मीधरास हसणाऱ्या प्रेक्षकांना सुधाकराने रडविले, आणि दोन्ही वेळा नट एकच होता. अष्टपैलू हा शब्द आपण अशा नटासाठी राखून ठेवलेला आहे. परंतु नाटक मंडळीत हे चालून जाते, कारण तेथे नटाचे पोट मंडळीवर असते. हिंदी चित्रपटाचा बाजार त्याच्या अगदी उलट. तेथे एकदा जे नाणे चालले तेच पुन्हा पुन्हा पाडावयाचे असा दंडक. प्रेमिकाने प्रेमिकच राहावे, रागीट तरुणाने रागीटच राहावे. केस पिकले तरी ते काळे करून घ्यावे. अशा बाजारात बोडसांची परंपरा चालविणे ही सोपी गोष्ट नव्हती.

चित्रपटातला त्यांचा प्रवेश अगदी साधा होता. १९६० साली आलेल्या ‘हम हिंदुस्तानी’ या चित्रपटात त्यांना लहानसे काम मिळाले. नायक म्हणून पहिला चित्रपट ‘निशान’ हा १९६५ सालचा. त्यानंतरची दोन-तीन वर्षे तलवारबाजीच्या आणि मारामारीच्या दुय्यम दर्जाच्या चित्रपटांत गेली. याच काळात त्यांनी मातृभाषेतही काम केले. १९६६ साली ‘कलापी’ या गुजराती चित्रपटात ते कवी कलापी झाले. काठेवाडातील लाठी संस्थानचे ठाकोर सुरसिंहजी गोहिल हेच कवी कलापी. राज्यकारभार, प्रेम आणि काव्य यांच्या ओढाताणीत सापडलेला हा राजकवी १९०० साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारला. संस्थानी नगरात राहणाऱ्या आपणा वाचकांस या भूमिकेचे अगत्य अधिक वाटावे.

१९६८ हे वर्ष त्यांच्या आयुष्यास वळण देणारे ठरले. ‘शिकार’मधील पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेबद्दल त्यांस सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘अनोखी रात’मध्ये ते दरोडेखोर झाले. आणि ‘संघर्ष’ या चित्रपटात ते दिलीपकुमार यांच्यासमोर उभे राहिले. त्या काळी दिलीपकुमारांसमोर उभे राहणे म्हणजे भल्या भल्या नटांचे पाय लटपटण्याचा प्रसंग. या सुरती तरुणाने आवाज चढविला नाही, हातवारे केले नाहीत. स्वस्थपणे आपले काम केले, आणि प्रेक्षक चित्रगृहाबाहेर पडताना त्याचे नाव विचारू लागले.

१९७० साली दोन चित्रपट आले. ‘खिलौना’त त्यांनी बुद्धिभ्रंश झालेला तरुण रंगविला. ‘दस्तक’ हा राजेंद्रसिंह बेदी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. पूर्वी गाणारणीची वस्ती असलेल्या घरात एक मध्यमवर्गीय दांपत्य बिऱ्हाड करते, आणि रात्री-अपरात्री जुनी गिऱ्हाइके दार ठोठावू लागतात. संकट एवढेच, पण त्यातून त्या तरुण पतीच्या मनात लाज, भीती आणि संताप कसे साठत जातात हे हरिभाईंनी फार संयमाने दाखविले. या भूमिकेबद्दल त्यांस सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. जरीच्या गावचे नाव दिल्लीत प्रथमच अशा कारणाने गाजले.

दोनच वर्षांनी, १९७२ साली, हे पारितोषिक त्यांच्याकडे दुसऱ्यांदा चालून आले. गुलजार यांच्या ‘कोशिश’ या चित्रपटात नायक-नायिका दोघेही मूकबधिर आहेत. नायकाचे नावही योगायोगाने हरिचरण. नटाची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे त्याची वाणी. ती येथे सुरुवातीसच काढून घेतलेली. या दांपत्याला मूल होते, आणि ते ऐकू शकते की नाही हे पाहण्यासाठी आईबाप त्याच्या कानाशी खुळखुळा वाजवितात. मूल काही वळून पाहत नाही. आईबापांच्या पायांखालची जमीन सरकते. पुढे उलगडा होतो तो असा की, तो खुळखुळाच आतून रिकामा होता. त्याला आवाजच नव्हता, आणि ते या दोघांना कळणार तरी कसे? या प्रसंगात हरिभाईंच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहावे. करुणा मागणारा एकही भाव तेथे नाही. तेथे आहे तो केवळ एक बाप, ज्याला उत्तर हवे आहे.

याच सुमारास त्यांच्या कारकीर्दीत एक अशी गोष्ट घडली, जिचे उदाहरण हिंदी चित्रपटात दुसरीकडे सापडणे कठीण. १९७२ सालीच गुलजार यांच्या ‘परिचय’मध्ये ते जया भादुरी यांचे वडील झाले. ‘कोशिश’मध्ये, त्याच वर्षी, ते त्यांचे पती होते. पुढल्या वर्षी ‘अनामिका’त दोघे प्रेमिक झाले, आणि १९७५ साली ‘शोले’मध्ये ते त्यांचे सासरे होऊन उभे राहिले. वास्तविक दोघांच्या वयात अंतर सुमारे दहा वर्षांचे. दुसऱ्या कोणा नटाने असे केले असते तर प्रेक्षकांनी शिट्या वाजविल्या असत्या. येथे कोणासही त्यात विसंगती वाटली नाही. किंबहुना कित्येकांच्या ध्यानातही ती गोष्ट आली नाही.

१९७४ साली ‘नया दिन नई रात’ या चित्रपटात त्यांनी एकट्याने नऊ भूमिका केल्या. हा चित्रपट मूळ तमिळ ‘नवरात्री’चा अवतार, तेथे या नऊ भूमिका शिवाजी गणेशन यांनी १९६४ साली केल्या होत्या. नवरसांचे हे प्रदर्शन लोकांना फार आवडले, आणि हरिभाईंच्या अष्टपैलुत्वाचा दाखला म्हणून आजही त्याचेच नाव प्रथम घेतले जाते. आम्हांस मात्र असे वाटते की, त्यांचा खरा कस तेथे लागलेला नाही. नऊ वेष, नऊ दाढ्या, नऊ आवाज ही बहुरूप्याची करामत झाली. ती मोठीच आहे. पण नटाची परीक्षा त्याला काय काय दिले यावरून होत नाही, त्याच्यापासून काय काढून घेतले यावरून होते.

या दृष्टीने त्यांच्या उत्तम भूमिका ओळीने मांडून पाहाव्या. ‘खिलौना’त त्यांची बुद्धी काढून घेतली. ‘कोशिश’मध्ये वाणी काढून घेतली. ‘शोले’त तर दोन्ही हात काढून घेतले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटातील ठाकूर बलदेवसिंग कोणास माहीत नाही? गब्बरसिंगने हात तोडलेला हा पोलीस अधिकारी खांद्यावर शाल घेऊन उभा राहतो. नटाला हातांचा किती आधार असतो हे रंगमंचावर एकदा तरी उभे राहिलेल्या माणसास सांगावयास नको. येथे तो आधार नाही. मान, डोळे आणि उभे राहण्याची ढब, एवढ्याच भांडवलावर त्यांनी तो दरारा निर्माण केला. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे वय छत्तिशीच्या आसपास होते. चित्रपटात ज्यांना ते पैसे देऊन कामगिरीवर आणतात त्या दोघांपैकी धर्मेंद्र हे वयाने त्यांच्याहून अडीच वर्षांनी मोठे होते. आणि तीन वर्षांनी आलेल्या ‘त्रिशूल’मध्ये तर शशी कपूर त्यांचे चिरंजीव झाले. शशी कपूर यांचा जन्म मार्च १९३८ चा. म्हणजे मुलगा बापापेक्षा जवळजवळ चार महिन्यांनी वडील!

१९७५ या एकाच वर्षात गुलजार यांचे आणखी दोन चित्रपट आले. ‘आंधी’त ते सुचित्रा सेन यांच्या राजकारणी नायिकेचे दुरावलेले पती झाले, हॉटेलची व्यवस्था पाहणारा, चष्मा लावलेला, केस पिकू लागलेला एक शांत गृहस्थ. नायिकेची भूमिका इंदिरा गांधींवर बेतलेली असल्याच्या बोलवेमुळे आणीबाणीत या चित्रपटावर बंदी आली, आणि १९७७ च्या सत्तांतरानंतरच तो पुन्हा मोकळा झाला. ‘मौसम’मध्ये तरुणपणी वचन देऊन गेलेला एक माणूस पंचवीस वर्षांनी दार्जिलिंगला परततो, आणि आपल्या वचनभंगाने कोणाच्या आयुष्याची काय दशा झाली हे पाहतो. ‘आंधी’ आणि पाठोपाठ आलेला हृषीकेश मुखर्जी यांचा ‘अर्जुन पंडित’ या दोहोंसाठी त्यांस लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

१९७७ साली सत्यजित राय यांनी आपला पहिला हिंदी-उर्दू चित्रपट काढला, तो प्रेमचंदांच्या कथेवरचा ‘शतरंज के खिलाडी’. १८५६ साली इंग्रज अवधचे राज्य गिळंकृत करीत आहेत, आणि लखनौचे दोन अमीर बुद्धिबळाच्या पटावरून उठावयास तयार नाहीत. त्यांपैकी मिर्झा सज्जाद अली म्हणजे हरिभाई, आणि मीर रोशन अली म्हणजे सईद जाफरी. येथे तर नटाची हालचालच काढून घेतलेली. सारा चित्रपटभर गादीवर बसून प्यादी सरकवावयाची. दोन वर्षांपूर्वी ज्या अमजद खान यांनी गब्बरसिंग होऊन ठाकुराचे हात तोडले, तेच येथे नवाब वाजिद अली शाह झाले आहेत, हीही एक मौज. संस्थान खालसा होणे म्हणजे काय, हे आपल्याकडील जुन्या घरांना वाचून शिकावे लागत नाही. त्या घरांतील माणसांनी हा चित्रपट पाहताना मिर्झाला हसावे की त्याच्यासाठी हळहळावे, असा प्रश्न पडतो. तो प्रश्न तसाच ठेवणे हेच त्या भूमिकेचे यश होय.

विनोदाचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. १९७८ च्या ‘पती पत्नी और वो’मधील लबाड नवरा आणि १९८२ च्या ‘अंगूर’मधील जुळे भाऊ ही त्यांची दोन गाजलेली कामे. ‘अंगूर’ हा शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चा गुलजार यांनी केलेला अवतार. दोन जुळे मालक, दोन जुळे नोकर, आणि त्यांतून उडणारा गोंधळ. दोन्ही मालक हरिभाई आणि दोन्ही नोकर देवेन वर्मा. दोन जुळ्यांत फरक दाखविण्यासाठी त्यांनी मिशी लावली नाही की आवाज बदलला नाही. एकाला थोडा तापट ठेवला, दुसऱ्याला थोडा संशयी. दुसऱ्याचा तो संशय पाहून आपल्या जुन्या प्रेक्षकांस फाल्गुनरावाची आठवण झाली असल्यास नवल नाही. त्याच वर्षी ‘विधाता’त ते चौदा वर्षांनी पुन्हा दिलीपकुमारांसमोर आले.

माणूस म्हणून हरिभाई कसे होते? त्यांच्या खाण्याच्या शौकाच्या गोष्टी चित्रपटसृष्टीत फार सांगितल्या जातात, आणि सुरतेच्या माणसाबद्दल त्या खऱ्या वाटण्यास अडचण नाही. ते अविवाहित राहिले. चित्रीकरणास वेळेवर न येण्याबद्दलही त्यांची ख्याती होती, आणि हा दोष निर्मात्यांस जाचकच होता. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनात खोल घर करून बसली होती. त्यांच्या घराण्यातील पुरुषांना दीर्घायुष्य लाभलेले नव्हते. पन्नाशी गाठण्यापूर्वीच ते जात. आपलेही तेच होणार अशी त्यांची धारणा होती. धाकटे बंधू त्यांच्या हयातीतच वारले. पुढे त्यांस स्वतःलाही हृदयविकाराचा झटका आला, आणि अमेरिकेस जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ज्या माणसास असे वाटते की आपण म्हातारे होणार नाही, त्याने पडद्यावर इतके म्हातारे रंगवावे, यात योगायोग किती आणि ओढ किती, हे कोणी सांगावे? एवढे मात्र खरे की, बाविसाव्या वर्षी ‘ऑल माय सन्स’मधला म्हातारा त्यांनी केला तो कोणत्याही भीतीपोटी नव्हे, ते त्यांच्या कलेचे शिक्षणच होते. पुढे आयुष्याने त्या शिक्षणास निराळाच अर्थ दिला.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांची धारणा खरी ठरली. त्यानंतर सहाच महिन्यांनी दुसरे बंधूही गेले.

मृत्यूच्या वेळी त्यांचे अनेक चित्रपट अपुरे किंवा अप्रदर्शित होते. ते एकामागून एक येत राहिले. शेवटचा ‘प्रोफेसर की पडोसन’ हा १९९३ साली, म्हणजे निधनानंतर आठ वर्षांनी आला. यांपैकी एका चित्रपटाची कथा सांगण्यासारखी आहे. ‘मोगल-ए-आझम’चे दिग्दर्शक के. आसिफ यांनी १९६३ च्या सुमारास लैला-मजनूच्या आख्यानावर ‘लव्ह अँड गॉड’ हा चित्रपट सुरू केला. नायक होते गुरुदत्त. १९६४ साली गुरुदत्त गेले. काही काळाने मजनूची भूमिका हरिभाईंकडे आली. १९७१ साली खुद्द आसिफ गेले, आणि चित्रपट अर्धवट पडून राहिला. आसिफ यांच्या पत्नीने जिद्दीने तो पुरा करविला, आणि १९८६ साली तो प्रदर्शित झाला, तेव्हा हरिभाईही नव्हते. ज्यांनी आयुष्यभर म्हातारे रंगविले त्या नटाचे मरणानंतर लोकांपुढे आलेले एक रूप असे होते: विशीतला प्रेमवेडा तरुण.

सुरत शहर आपल्या या पुत्रास विसरलेले नाही. मे २०१३ मध्ये भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने जी तिकिटे काढली, त्यांत एक संजीवकुमार यांचे होते. पुढल्याच वर्षी सुरतेच्या महापालिकेने पाल भागात त्यांच्या नावाचे भव्य नाट्यगृह उभारले. पुतळ्यापेक्षा नाट्यगृह बरे, हे कोणीही रसिक मान्य करील. पुतळा एकाच रूपात उभा असतो, आणि एकाच रूपात उभे राहणे हे हरिभाईंना कधी जमलेच नाही.

‘डमरू’ नाटकात ज्यांनी त्यांस साठीचा म्हातारा केले ते ए. के. हंगल पुढे स्वतः चित्रपटात आले, ‘शोले’तील अंध इमामसाहेब म्हणून घरोघर ओळखले गेले, आणि नव्वदी ओलांडून २०१२ साली वारले. गुरूला ते वार्धक्य लाभले. शिष्याने ते केवळ रंगवून दाखविले. पण रंगविलेले इतके खरे होते की, आजही लहान मुले त्यांस म्हातारेच समजतात. आमच्या मते नटास याहून मोठे पारितोषिक नाही.

जुन्या घरांतून अजूनही एक प्रथा आहे. पैठणी जीर्ण झाली, रेशीम विरले, की तिचे काठपदर वेगळे काढून आटविण्यास देतात, आणि वस्त्र गेले तरी चांदी हाती येते. हरिभाईंच्या किती तरी चित्रपटांचे वस्त्र आज विरलेले आहे. त्यांच्या कथा भाबड्या वाटतात, गाणी लांबलेली वाटतात. त्यांतला जर मात्र खरा होता. पालच्या त्या नाट्यगृहाच्या रंगपटात एखाद्या संध्याकाळी कोणी वीस-बावीस वर्षांचा मुलगा आरशापुढे बसून केसांना पांढरा रंग लावीत असेल. त्याने कंबर वाकविण्याआधी घरी जाऊन आपल्या आजोबांकडे एकदा नीट पाहावे, एवढेच या नटाच्या चरित्रातून त्याने घेतले तरी पुरे.